पाय लागल्यावर

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या शाळेत मी बास्केटबॉल खेळू लागले, ती नव्या शतकाची पहिली वर्षं होती. उंची बेताची, म्हणून माझ्याकडे गार्डची जागा आली. चेंडू पुढे नेणं हे माझं काम. वेग होता, नजर होती. एक दोषही होता, पण तो मला दिसत नव्हता. तो खेळ शिकवणाऱ्या बाईंनी दाखवला. "समोरच्या मुलीच्या पायावर तुझा पाय पडला की तू खाली का वाकतेस?"

मी खरोखरच वाकत होते. पाय लागला की त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीशी न्यायचा, हे आईने मला कधी शिकवलं तेही आठवत नाही. पुस्तकाला पाय लागला तरी तेच. घरात ते कुणाच्या नजरेत भरत नसे. कोर्टवर मात्र तेवढ्या वेळात समोरची मुलगी मला ओलांडून बास्केटपर्यंत पोहोचलेली असे. "समोरचीला आधी नमस्कार, वर दोन पॉइंट," आमच्या संघातल्या मुली म्हणत.

शाळेत हे खपलं. ब्रिस्टलला इंजिनिअरिंग शिकताना विद्यापीठाच्या संघातही खपलं. शेवटच्या वर्षी मात्र देशातल्या सर्वांत वरच्या महिला लीगमधल्या एका संघाने मला चाचणीवर घेतलं. कायम करायचं की नाही, हे नाताळच्या सुमारास ठरणार होतं. ती जागा मला पदवीच्या पहिल्या श्रेणीहूनही अधिक हवी होती. संघाच्या कोच मितभाषी बाई होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तुझ्या हाताचं ते जे काही आहे, ते नाताळपर्यंत जाऊ दे. नाहीतर तुला जावं लागेल."

मी प्रश्न वर्गात मांडतात तसा मांडला. संवेदना पायाची, प्रतिसाद हाताचा, मधला दुवा सवयीचा. दुवा तोडायचा तर त्याच संवेदनेला दुसरा प्रतिसाद जोडायला हवा. माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण त्याच संघात खेळायची. ती सरावात मुद्दाम माझ्या पायाखाली पाय द्यायची, आणि पाय पडताक्षणी मी धावत सुटायचं, असं आम्ही ठरवलं. "आधी माझ्या बोटांचा विमा काढ," ती कुरकुरायची. उपाय लागू पडला. नोव्हेंबरात हात हलायचा थांबला, आणि प्रयोग जमल्यावर होतो तसा मला आनंद झाला.

त्यानंतरच्या वीकेंडला घरी गेले. बाबा गालिच्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. चहाचे कप उचलून नेताना माझा पाय त्यांच्या गुडघ्याला लागला आणि मी तशीच पुढे गेले. बाबांनी मान वर केली नाही. आईने पाहिलं.

"अगं, बाबांना पाय लागला तुझा."

"हो का? सॉरी, बाबा."

"सॉरी ट्यूबच्या गाडीत परक्यांना म्हणतात," आई म्हणाली.

मी परत येऊन बाबांच्या गुडघ्याला हात लावला. पण तो विचार करून लावलेला हात होता, आणि हा फरक मला तिथेच कळला. कोर्टवरची सवय गेली तरी घरातली राहील, असं मी धरून चालले होते. ते गृहीतक तपासलंच नव्हतं.

स्वयंपाकघरात मी आईला सगळं सांगितलं. ती खेळच सोड म्हणेल, अशी धास्ती होती. ती कप पुसत राहिली.

"देवळाच्या गर्दीत कुणाला पाय लागला, तर मी काय रांग अडवून उभी राहते? पुढे जाते आणि बाजूला उभं राहून हात जोडते. तू शिट्टी वाजल्यावर कर की."

मी प्रतिसाद तोडायच्या मागे लागले होते. तो पुढे ढकलता येतो, हे मला सुचलं नव्हतं.

नाताळआधीचा शेवटचा सामना साउथहॅम्प्टनला होता. चेंडू घेऊन वळताना माझी टाच त्यांच्या गार्डच्या पावलावर पडली. ती कळवळून खाली बसली. मी थांबले नाही, बास्केट झाली. मग तिच्यासाठी पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. आमच्या बाकावरच्या टाळ्या चालू असतानाच मी मागे फिरले, वाकले, तिच्या बुटाला बोटं लावली आणि हात छातीशी नेला. तिला वाटलं लेस सुटली आहे. तिने ती ओढून पाहिली.

सामना संपल्यावर कोच माझ्याशेजारी येऊन बसल्या. "ते गेलेलं नाही तर."

"नाही. पण आता ते शिट्टीपर्यंत थांबतं."

"शिट्टीनंतर तुझे हात काय करतात, त्याच्याशी मला घेणंदेणं नाही. जानेवारीत सरावाला ये."

पुढे काही हंगाम मी आठवडाभर विमानांच्या पंखांची गणितं केली आणि वीकेंडला लीगमध्ये खेळले. साउथहॅम्प्टनची ती गार्ड समोर यायचीच. माझा पाय तिच्या पायावर पडला की शिट्टी वाजताच ती आपला बूट पुढे करून उभी राहायची. थट्टेने की आणखी कशाने, ते मी कधी विचारलं नाही. मी वाकत असे.