हळू भाग

राजकमल चौकाजवळच्या टपरीवर तो सकाळी भेटतो. वरातीपुढे गाडीवर धुमाल वाजते ना, तिच्यात तो कीबोर्डवर असतो, वर्षानुवर्षं भोंग्यांच्या भिंतीला पाठ लावून. जीव मात्र एका अमेरिकन रॉक बँडवर. इयरफोनची एक बाजू माझ्या कानात कोंबायची, दुसरी स्वतःच्या, आणि त्या बँडची कहाणी लावायची, ही त्याची जुनी खोड.

"चार पोट्टे होते भाऊ, बंद पडलेल्या मिलच्या गावातले. गॅरेजात वाजवत. नाव झालं अन् तिथंच फाटाफूट झाली. पन त्याईचं काम आयक. पयले हळू. लय हळू. कोनी कानाशी बोलून राहिलं जसं. अन् मंग..."

इथे तो बोट वर धरायचा. गाणं कुजबुजत असेपर्यंत बोट वर. गिटारी उसळल्या की त्याच ठोक्याला खाली.

"हळू भाग नसला तं बाकी नुसता कल्ला हाय," म्हणायचा. अकोल्याच्या एका वरातीत त्यानं तसं वाजवून पाहिलं, तर नवरदेवाचा मामा गाडीवर चढला, "काहून बंद केलं बे?"

यंदाचा लग्नाचा हंगाम सरला आणि तो भेटला. सवयीनं इयरफोनची एक बाजू मला दिली, दुसरी स्वतःच्या कानात घातली, गाणं लावलं. माझ्या कानात कुजबुज सुरू झाली. त्याचं बोट वर गेलं नाही. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"झालं का सुरू, भाऊ?" टपरीवरचे सगळे वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं त्यानं विचारलं.

मी बोट वर केलं.