पंचवीसशे वीस पिशव्या

"नाय गो, पंचवीसशे नको. दिसाया गोल, पर वाटाया गेलं का टोचतं," मातीची पाटी खाली ठेवत जनीआत्या म्हणाली. "यंदा वर वीस घे. पंचवीसशे वीस."

"एकवीस घे, शकुन तरी होईल," आमच्यातली माधुरी हसली.

"शकुनाला पानी कोन घालनार? तू?"

धसई गावाच्या पलीकडं, ओढ्याकाठी आमच्या बायांची नर्सरी आहे. काळ्या पिशवीत माती-शेण भरायचं, खैराचं नाहीतर शिवणीचं बी टोचायचं, रोप हातभर होईस्तोवर पाणी घालायचं. रीत अशी, की आल्या बायांत पिशव्या सारख्या वाटायच्या. जिच्या वाट्याला तिनंच जगवायच्या. पण बाया किती येतील याचा नेम नाही. कोण वीटभट्टीवर जाते, कोण लेकीच्या बाळंतपणाला. जनीआत्या ह्या सगळ्यांची म्होरकी.

गेल्या साली बाया नऊ आणि पिशव्या पंचवीसशे. वाटून सात उरल्या. त्या कोणाच्याच नव्हत्या, म्हणून कोणीच पाणी घातलं नाही. वाळून गेल्या. मग 'मी नाय, तू' करत बोट बुधीवर आलं, आणि बुधी कळशी आपटून गेली ती परत आलीच नाही. जनीआत्याला रोपांचं काय नव्हतं, बुधीचं लागलं. दोघी एकाच साली लग्न होऊन ह्या गावात आलेल्या.

म्हणून यंदा पिशव्या सांगायच्या आधीच तिनं सुनेला, दामिनीला विचारलं होतं, "असा आकडा सांग, का बाया कितीबी येवोत, मागं काय उरलं नाय पायजे."

"आत्या, हा तर शाळेतला लसावि," दामिनी म्हणाली आणि मांडायला बसली. एकापासून दहापर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य, असा सगळ्यात लहान आकडा पंचवीसशे वीस. त्याचा अर्धा घेतला तर आठ बाया आल्या की अडतं.

"सात आल्या तर?"

"तीनशे साठ."

"नऊ?"

"दोनशे ऐंशी."

आत्या विचारत गेली, आकडा पुरत गेला. दहाच्या वर बाया इथं कधी आल्याच नव्हत्या, म्हणून ती निवांत झाली.

वाटपाच्या सकाळी दहा जणी हजर. प्रत्येकीला दोनशे बावन्न. आत्याचा चेहरा फुललेला. तेवढ्यात कुंपणाशी बुधी उभी दिसली.

"आली बाय अकरावी!" माधुरीनं टोमणा मारला. "आता मोडला तुमचा आकडा."

दामिनीनं मोबाइलवर भागून पाहिलं. "दोनशे एकोणतीस. एक उरते."

उरलेल्या पिशवीनं काय होतं ते कोणाला सांगायला नको होतं. बुधी माघारी वळली. "जाते गो मी. माज्यापायी परत भांडन नको."

"थांब!"

जनीआत्यानं एक पिशवी उचलली, माती भरली आणि पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवली. कळशी भरायला तिथं प्रत्येकीला वाकावंच लागतं. "भरताना सांडतंय ना, ते हिच्यात सांडा. का त्याचाबी वाटा पाडून देऊ?"

बाया खिदळल्या. माधुरीही.

"आन बारा जाल्या तर?" आत्यानं दामिनीला विचारलं.

दामिनीनं पुन्हा बोटं चालवली. "दोनशे दहा. काय उरत नाय."

"माजी जाऊ घरातच बसून हाये," बुधी कुंपणाच्या आत येत म्हणाली. "उद्या आनते तिला."

"आन. मंग ही पिशवीबी वाट्यात धरू. पर आज तुज्या दोनशे एकोनतीस उचल आदी, गप्पा मागनं."

आत्यानं पदर खोचला, पाटी पुढं ओढली आणि आपल्या वाट्याच्या पिशवीत माती भरायला लागली.