शिवलेलं प्रकरण

वाचनालयातल्या बाईंना मुलं दोराबाई म्हणायची, आणि ते नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. रहस्यकथा हाती आली की त्या शेवटचं प्रकरण सुई-दोऱ्याने शिवून टाकत. शेवट आधी बघून मग पुस्तक वाचणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग होता.

या वेळी मुलांच्या वाचनवर्गासाठी त्यांनी जुनी, गाजलेली कादंबरी काढली. नदीकाठचं गाव, जळालेली गिरणी आणि सगळी माणसं तिथल्या बोलीत बोलणारी. दोन पानांतच मुलं कंटाळली. तिकडे वाचनालयाच्या अध्यक्षांनी बजावून ठेवलेलं, "शनिवारी येऊन बघतो. मुलं जांभया देत असतील तर वाचनवर्ग बंद!" बाईंचा सगळा जीव त्या वर्गात. पण घाबरून सोपं पुस्तक घेतील तर त्या बाई कसल्या!

"डोळ्यांनी नको, तोंडाने वाचा," त्या म्हणाल्या.

मुलं मोठ्याने वाचायला लागली, त्या बोलीला हसून लोळली, आणि गुन्हेगार ठरवून मोकळीही झाली. नावाडीच! पानोपानी खेकसतो, गिरणी दुसरं कोण जाळणार?

शनिवारी अध्यक्ष हाताची घडी घालून मागे बसले. नावाड्याचं बोलणं वाचायची पाळी नेमकी गप्पूवर आली. तिची आजी घरी थेट असंच बोलायची, आणि लोक हसतील म्हणून ही पोर बाहेर तोंडच उघडत नसे. ती उठली आणि आजीच्या सुरात वाचू लागली. वाक्यं तीच, पण कोणी हसलं नाही. नावाडी खेकसत नव्हताच, रडू आवरत होता.

"अरे, त्याचा मुलगा आगीत गेला ना!" कोणीतरी ओरडलं. "तो कशाला जाळेल?"

"गिरणीच्या कारकुनाने जाळली," गप्पू म्हणाली. "आगीच्या आदल्याच दिवशी त्याने आपलं सामान हलवलं होतं. आपण सगळे नावाड्याला हसत बसलो, म्हणून ते निसटलं."

एकच गलका झाला. अध्यक्ष उठून पुढे आले. "बाई, उसवा की तो दोरा!"

"आधी तुमचा संशय कोणावर ते सांगा."

"गिरणीच्या मालकावर," अध्यक्ष छाती काढून म्हणाले.

बाईंनी कात्री गप्पूच्या हातात दिली. तिने दोरा कापला, वाचलं. कारकूनच! मुलांनी बाकं दणाणून सोडली आणि बाईंचे डोळे भरून आले. अध्यक्षांनी हार मानली, वर्ग चालू ठेवला, वर हळूच विचारलं, "बाई, पुढचं पुस्तक शिवायच्या आधी मला एकदा बघायला...?"

"नाही!" अख्खा वर्ग ओरडला, आणि सगळ्यांत मोठा आवाज गप्पूचा होता.