खाटीकमामाचा हृदयाचा धडा

शाळेच्या मागच्या फाटकाला लागून त्याचं मटणाचं दुकान होतं. तीन लोखंडी आकडे, एक ओंडका, संगमरवरी फळी आणि कितीही पुसली तरी रक्ताचे डाग न सोडणारी भिंत. या सगळ्याच्या मधोमध रेड्यासारख्या मानेचा तो उभा. त्याने सत्तूर उचलला की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा शेपूट आत घेत. तरुणपणी बाजारात त्याने एकाचा जबडा मोडला होता. तो माणूस अजून वाकड्या तोंडाने हसतो, आणि मटण मात्र याच्याचकडून नेतो.

मोठी माणसं त्याला खाटीक म्हणत. सातवीची मुलं मामा म्हणत. विज्ञानाची चाचणी जवळ आली की दुपारी अर्धं शटर पाडून मामा त्यांना शरीर उघडून दाखवायचा.

सुरुवात सख्ख्या भाचीपासून झाली. पहिल्या चाचणीला डोळा होता, आणि भाचीबाई ओंडक्यावर वही आपटून रडत होत्या. मामाने बोकडाचा डोळा घेतला, सुरीने हलकेच चिरला आणि आतलं भिंग नखावर ठेवून तिच्या पुस्तकावर धरलं. अक्षरं मोठी दिसली. भाची रडायची थांबली. मूत्रपिंडाच्या वेळी पाच मुलं आली. हृदयाच्या वेळी अकरा.

मामी नळापाशी साबण घेऊन बसे. "नखं दाखव. आईने विचारलं, कुणाचा खून करून आलास, तर माझं नाव सांगू नकोस!"

मामा स्वतः पाचवीतून बाहेर पडलेला. मास्तरांनी उत्तर चुकलं म्हणून लाकडी डस्टर त्याच्या बोटांवर इतक्यांदा मारलं की करंगळीचं हाड फुटलं. पोराने मास्तरांचा अंगठा दातांत धरला तो तिघांनी ओढल्यावरच सोडला. ओठांवर रक्त घेऊन तो घरी आला, ते शिक्षण संपवूनच. म्हणून असेल, पण त्याच्या दुकानात उत्तर चुकलं की तो फक्त म्हणायचा, "परत हात लाव. हाताला कळतं."

त्या अकरांत एक मुलगी होती, काडीसारखी. सगळे तिला टाचणी म्हणत. तिचा बाप समोरच्या शेडमधला वेल्डर. हाताने हुशार, पण राग आला की रबरी नळी उचलायचा, आणि नळी पडायची ती पोरीच्या पाठीवर. आई नव्हती. या वेळी बापाने सांगून ठेवलं होतं, "पन्नासात पंचवीस नाही आणलेस तर शाळा बंद. शेडमध्ये बसायचं, गज घासायचे." लेखी चाळीस, तोंडी दहा.

टाचणी सगळ्यांच्या आधी यायची आणि शेवटी जायची. मामा हृदय पुढ्यात धरून सांगायचा, "चार खोल्यांचं घर आहे. वरच्या दोन पाहुण्यांच्या, रक्त येतं आणि टेकतं. खालच्या दोन कामाच्या. ही भिंत दाब. पातळ आहे ना? हिला रक्त शेजारी फुफ्फुसात ढकलायचं. आता ही उजवीकडची दाब."

"जाड आहे, मामा."

"असणारच! हिला गावभर हिंडायचंय, पार खुरांपर्यंत."

मुलं हसली आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं: जाड भिंत, उजवी.

पेपर मिळाले त्या दिवशी मधल्या सुट्टीत भाची धापा टाकत दुकानात शिरली. मामा बोकडाच्या आतलं सामान वेगळं करत होता.

"मामा, बुडवलंस! अकराच्या अकरा बुडालो! आकृती दहा गुणांची, सगळ्यांना शून्य. बाई म्हणाल्या, सगळे एकाच विहिरीचं पाणी प्यायलात काय? जाड भिंत डावी असते, डावी!"

"तुझ्या बाईंना म्हणावं, इथे या. ही बघ, माझ्या उजव्या हाताला."

"तुझ्या उजव्या हाताला रे! बोकडाच्या डाव्या. हृदयाची पुढची बाजू तू आपल्याकडे धरतोस ना?"

मामाने हातातल्या हृदयाकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत हजारो हृदयं त्याने अशीच समोर धरून चिरली होती. त्या जनावराची उजवी कोणती, हे त्याला कधी लागलंच नव्हतं.

"टाचणी?" त्याने विचारलं.

भाचीचा आवाज खाली गेला. "सतरा. तिचे बाबा फाटकावरच होते. ओढत नेलं शेडमध्ये."

तेवढ्यात रस्त्यापलीकडून नळीचा सपकारा ऐकू आला, आणि त्यामागून किंकाळी.

मामाने हृदय एप्रनच्या खिशात कोंबलं आणि धावत सुटला. सत्तूर ओंडक्यातच रुतलेला राहिला, हे वेल्डरचं नशीब.

शेडमध्ये टाचणी दोन सिलिंडरच्या मधल्या फटीत शिरून बसली होती. ओठ फाटलेला, दंडावर नळीचे वळ फुगलेले. वेल्डरने पुन्हा हात उगारला तो मामाने वरच्या वर धरला.

"चूक माझी आहे. मी उलटं शिकवलं. पोरीला सोड."

"ए खाटका, माझ्या पोरीला मी मारीन नाहीतर मढवीन! तू बकरी काप!"

वेल्डरने दुसऱ्या हाताने हातोडा उचलला. तो मामाच्या भुवईवर बसला. कातडी फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, शेड लाल झाली. दुसरा घाव खांद्यावर आला. मामा गुडघ्यावर बसला, आणि बसता बसता त्याची बोटं वेल्डरच्या मनगटावर सरकली. सांधा कुठे उघडतो, किती जोर लागतो, हे त्या बोटांना झोपेतही माहीत होतं. त्याने पिळलं. काडकन आवाज झाला. हातोडा फरशीवर पडला आणि वेल्डर गुरासारखा हंबरला.

मामाने त्याला भिंतीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. मूठ तिसऱ्यांदा मागे गेली, तेव्हा फटीतून आवाज आला.

"मामा, पुरे! ते मेले तर माझी परीक्षा कशी होणार? तोंडी राहिलीय अजून!"

मूठ हवेतच थांबली.

"कधी आहे?"

"परवा. पण परवापर्यंत हे मला कोंडतील." तिने ओठ पुसला. "मला आत्ता द्यायचीय."

त्यानंतर जी वरात निघाली ती फाटकावरच्या शिपायानेही अडवली नाही. पुढे टाचणी, मागे रक्ताने माखलेला खाटीक, त्याच्या मुठीत वेल्डरची कॉलर, आणि वेल्डरचा लोंबणारा हात. शिक्षकांच्या खोलीत डबे खाणारे सगळे ताडकन उभे राहिले.

विज्ञानाच्या बाईंनी कापूस पुढे केला. "आधी औषध. परीक्षा नंतर."

"आधी परीक्षा," टाचणी म्हणाली.

मामाने खिशातून हृदय काढून बाईंच्या टेबलावर ठेवलं. "चुकीचा मास्तर मी, बाई. शून्य मला द्या. हिला एकदा विचारा."

बाईंनी एकदा त्या वळांकडे पाहिलं, एकदा वेल्डरकडे, आणि गुणांची वही उघडली. "जाड भिंतीचा निलय कोणत्या बाजूचा?"

टाचणीने हृदय दोन्ही हातांनी उचललं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग गोल फिरवून, पाठ आपल्याकडे करून, स्वतःच्या छातीवर टेकवलं. पांढऱ्या गणवेशावर लाल ओल पसरली. तिने अंगठ्याने भिंत दाबली.

"डावा. माझा डावा."

"रक्ताचा प्रवास सांग."

"अंगातलं काळपट रक्त उजव्या अलिंदात येतं. तिथून उजव्या निलयात. मग फुफ्फुसात जाऊन लाल होऊन डाव्या अलिंदात, डाव्या निलयात, आणि महाधमनीतून गावभर." ती थबकली. "म्हणजे सगळ्या शरीरात."

खोलीत कुणीतरी हसलं. बाई विचारत गेल्या, ती सांगत गेली. ओठातून रक्त हनुवटीवर उतरत होतं, ते ती मधूनमधून बाहीला पुसत होती. बाईंनी आकडा लिहिला.

"नऊ."

"एक कुठे गेला?" मामा गुरगुरला.

"झडपेचं नाव विसरली."

"विसरणारच की! कान वाजतोय तिचा!"

"नऊ," बाई म्हणाल्या. आकडा हलला नाही. "आणि पोलिसांना फोन मी करणार आहे. तुम्हा दोघांसाठी."

"करा," मामा म्हणाला आणि कॉलर सोडून खुर्चीत बसला.

वेल्डरने सुजलेलं मनगट पोटाशी धरलं होतं. त्याचे ओठ हलले. "सतरा न् नऊ... सव्वीस."

"पंचवीस म्हणाला होतात," टाचणी म्हणाली.

 तो पुटपुटला, "म्हणालो होतो. चल घरी."

टाचणीने हृदय टेबलावर ठेवलं आणि आता कुठे बाईंच्या हातातला कापूस घेतला.

"शाळा सुटायला दोन तास आहेत, बाबा. सुटल्यावर मी मामींकडे जाणार. तुमचा हात बरा झाला की निरोप पाठवा. यायचं की नाही ते मी तेव्हा ठरवीन."

कापूस ओठाला लावून, दुसऱ्या हाताने दप्तर ओढत ती गणिताच्या तासाला गेली.