समोरच्याला डिपर

अमेरिकेत शुगर लँडहून प्लांटवर कामाला मी ज्यांच्या गाडीतून जायचो, ते नागपूरचे गृहस्थ कधीच स्पीड लिमिट ओलांडत नसत. तरी त्यांच्या डॅशबोर्डवर रडार डिटेक्टर होता, आणि दसऱ्याला त्याला झेंडूचं फूलही वाहिलेलं.

"अरे, पोलिसाची वेग मोजायची गन लहरी सोडते, त्या गाडीवर आपटून परत जातात. हा नुसता कान देऊन बसतो, लहर आली की ओरडतो. लोक सुसाट जायला घेतात, मी दुसऱ्यांसाठी घेतलाय!" असं म्हणून स्टिअरिंगवर थाप.

डिटेक्टर कधीकधी दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारालाही ओरडायचा. पण खरा पोलीस दिसला की यांच्या अंगातच यायचं. पुढचे दोन मैल समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते आपल्याकडच्या ट्रकवाल्यांसारखा हेडलाइट उघडमीट करून डिपर द्यायचे.

एका संध्याकाळी असा डिपर खाल्लेली गाडी गर्रकन वळली आणि लाल-निळे दिवे लावून आमच्या मागे आली. पोलीसच! आम्ही दोघेही व्हिसावर. मी घाईघाईने पासपोर्ट शोधायला लागलो. यांनी मात्र काच खाली करून निरागसपणे सांगितलं, "सर, तुम्ही जात होता तिकडे पुलाखाली पोलीस आहे, म्हणून तुम्हाला सावध केलं."

पोलीस हॅट काढून हसत सुटला. दंडाचं तिकीट दिलंच नाही.

आठवड्याभराने त्याच रस्त्यावर समोरून येणाऱ्या पोलिसाच्या गाडीने चक्क आम्हाला डिपर दिला. डिटेक्टर गप्प होता. यांनी तरी करकचून ब्रेक दाबला.

"पुढे मामा आहेत."

वळणाआड, गन बंद ठेवून, खरंच एक बसला होता.