नानांचं मोठं दार

"वाका भाऊ, वाका. आठे बठ्ठा वाकतस!"

जहागीरदारांच्या हवेलीतले नाना प्रत्येक पाहुण्याला असंच, इथं सगळेच वाकतात म्हणत, आत घेत. हवेलीच्या अजस्र दाराच्या पोटात एक लहानसं दार आहे, दिंडी. रोजचं येणं-जाणं त्यातूनच. मान वर ठेवून गेलात की कपाळाला टेंगूळ ठरलेलं. माझं शिवणाचं दुकान समोरच, अमळनेरच्या जुन्या गल्लीत. पहिल्याच दिवशी मी टेंगूळ घेतलं, तर नाना खुशीत म्हणाले, "आता तू घरची झाली!"

दारावर बोटभर लांब लोखंडी खिळे, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. "हत्ती उना नहीं, पण आमनी तयारी व्हती." आले ते कापसाचे गाडे. त्यांच्या जिवावर वरचा दिवाणखाना उठला, सातपुड्याच्या सागाचा, खांबांच्या माथ्यावर लाकडी मोर. दुपारी चौकातून ऊन आलं की मोरांच्या सावल्या फरशीवर हळूहळू चालायला लागत. नाना खांबांना जवसाचं तेल लावत, त्याचा वास दरवळत असे. अहो, तिथं बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळायचं नाही. गिऱ्हाइकं दुकानाशी हाका मारून परत जायची.

मोठं दार मात्र बंद. "दोनच येळ उघडस. सून येस तव्हय, नि माणूस जास तव्हय." नानांनी लग्न केलं नाही, भाऊबंद पुण्याला गेले. तरी ते बिजागऱ्यांत तेल सोडत राहिले. एकच आस, डोळ्यांदेखत एक सून त्या दारातून यावी.

पुतण्याचं लग्न पुण्यातच झालं, हॉलमध्ये. मग एका दुपारी, न कळवता, जोडपं आलं आणि सूनबाई दिंडीतून वाकून थेट आत! नाना जेवणावरून उष्ट्या हातानं उठले.

"बेटा, बाहेर जा. सून वाकून येत नाही."

पोरगी बावरली. मी तिला दुकानात बसवलं, ओटीत खण घातला. तोवर सारी गल्ली दाराला भिडली. अडसर फुगून बसलेला, हलता हलेना. शेवटी निघाला, आणि सूनबाई ताठ मानेनं माप ओलांडून आत आली. नाना ढसाढसा रडत होते आणि आम्हालाच म्हणत होते, "रडता काय, हसा ना!"

यंदा नाना धुळ्याच्या दवाखान्यात वारले. त्यांना घरी आणलं, तेव्हा अडसर सूनबाईनंच काढला. दार आवाज न करता उघडलं. नाना निघाले, मागून गल्ली निघाली. दार हत्ती जाईल एवढं उघडं होतं.

तरी उंबऱ्याशी येताच आम्ही बठ्ठे वाकलो.