परत सांगा

ब्रिगेडियर साहेबांकडे चहा आणायला सांगितलं तरी गड्याला तो हुकूम परत म्हणून दाखवावा लागे. "परत सांगा, काय ऐकलंत?" हे त्यांचं पालुपद. मी धुळ्यातला निवृत्त मराठीचा मास्तर. त्यांच्या पुस्तकाची भाषा तपासायला गेलो, तर पहिल्याच दिवशी मलाही "परत सांगा, मास्तर" ऐकावं लागलं. माणसाचा एवढा अविश्वास! मला संताप आला.

अविश्वास खरं तर माझ्याच मनात होता. माझा धाकटा भाऊ दिलीप याच साहेबांच्या पलटणीत शिपाई होता. बर्फात गस्तीवर गेला, तो परतला नाही. 'वाट चुकल्यामुळे मृत्यू' असं पत्र भडगावला आईकडे आलं. तिने ते कधीच मानलं नाही. "मना आंडोर वाट चुकनारा नई शे," असं आपल्या पोराबद्दल म्हणायची. गल्लीतले लोक तोंडावर हो म्हणायचे आणि पाठ फिरली की हसायचे.

साहेब निवृत्तीनंतर नरडाण्याजवळ शेतावर राहून नेतृत्वावर पुस्तकं लिहीत. दोन चांगली खपली होती. तिसऱ्यासाठी मलाच का बोलावलं? आडनाव ओळखलं असणार, आता गोड बोलून माझं तोंड बंद करणार, असं मी धरून चाललो होतो. प्रत्येक प्रकरण भाषेसाठी कमी आणि खोटं पकडायला जास्त वाचलं. त्यांनी पिशवीत घातलेली भरताची वांगीसुद्धा मी शेजारी देऊन टाकली.

शेवटचं प्रकरण देऊन ते उभेच राहिले. "मास्तर, भाषा सुधारा. मजकूर नको."

त्यात लिहिलं होतं : हवा बिघडली म्हणून मी वायरलेसवरून गस्तीची वाट बदलली. हुकूम परत म्हणवून घेतला नाही. तो पोहोचलाच नव्हता. दिलीप ठरलेल्या वाटेनेच गेला. चूक माझी. चौकशीत मी गप्प राहिलो.

"तेव्हा का नाही बोललात?" मी ओरडलो.

"बढती जवळ आली होती. भ्यालो."

मला त्यांना माफ करता आलं नाही, अजूनही येत नाही. एवढंच म्हणालो, "छापण्याआधी हे माझ्या आईला सांगा."

ते भडगावला आले. ओट्यावर उभं राहून आईला सगळं सांगितलं. आईने त्यांना बसा म्हटलं नाही. ती काठी टेकत गल्लीत गेली आणि दारोदार सगळ्यांना हाका मारल्या, "बठ्ठा या रे!" लोक जमले. मग ती साहेबांकडे वळली.

"आते परत सांगा, साहेब."